खाटेची धास्ती

परळीजवळच्या राखेच्या विटांच्या कारखान्यात रतनबाईंनी सतरा वर्षं काढली. राख पाटीत भरायची, साच्यापाशी न्यायची. पन्नाशीत दम लागू लागला आणि काम सुटलं. पंचावन्नाव्या वर्षी तर एकाच सालात तीनदा दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या खाटेवर केशरबाई नावाची म्हातारी होती. सकाळी तिनं रतनबाईंना अर्धा पेरू दिला. दुपारी नर्सनं तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला आणि चादर वर ओढली. तेव्हापासून रतनबाईंना दमापेक्षा त्या खाटेचंच भ्या जास्त. त्रास वाढला तरी त्या लपवू लागल्या. म्हणूनच तिसऱ्या वेळी, ओठ निळे पडल्यावर, मुलानं, रामेश्वरनं, त्यांना अक्षरशः उचलून नेलं.

सोडताना डॉक्टरांनी बुधवारच्या छातीच्या ओपीडीत यायला सांगितलं.

"मी न्हाई येणार. तिथं गेलं की ठिवून घेत्यात."

"निसतं दाखवून यायचं, आई," रामेश्वर म्हणाला आणि त्यांना गाडीवर बसवलंच.

ओपीडीतल्या डॉक्टर सत्यशीला मॅडमनी आधी दमाच्या औषधाचा पंप कसा घेता ते करून दाखवायला लावलं. रतनबाईंनी तो दाबला आणि जोरात फुंकर मारली.

"असं किती दिवस घेताय?"

"दीड वरीस झालं."

मॅडम रागावल्या नाहीत. औषध आत ओढायचं, श्वास रोखून धरायचा, हे त्यांनी चारदा शिकवलं. "बेडका हिरवा झाला, दम वाढला, की बुधवारची वाट न बघता त्याच दिवशी या. लवकर आलात तर बहुतेक वेळा भरती टळते."

पौषात बेडका हिरवा झाला. रतनबाईंनी त्यावर पायानं माती लोटली आणि कुणाला न सांगता ओट्यावर बसून राहिल्या. दुपारी मात्र न्हाणीपर्यंत जायलाही दम पुरेना.

"रामेश्वर, मला लई भ्या वाटतंय. पर चल."

ओपीडीत वाफ दिली, ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला. मॅडम आकड्याकडे बघत होत्या, रतनबाई मॅडमच्या तोंडाकडे.

"गोळ्या देते. घरी जा, परवा दाखवा."

रतनबाई बाकावर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यानंतरच्या वर्षात भरती एकदाच झाली, चार दिवसांची. आजार बरा होणारा नाही, हे मॅडमनी स्पष्टच सांगितलंय. बुधवारी दवाखान्याचं फाटक दिसलं की रतनबाई अजून थबकतात. रामेश्वरची बाही घट्ट धरून त्या आत जातात.