लांजीच्या कप्तानाचा षटकार

टिकाराम रामटेके लांजी-बालाघाट बस चालवायचा आणि लांजीच्या क्रिकेट संघाचा कप्तानही तोच होता. कित्येक वर्षं त्याने एकही स्पर्धा जिंकली नव्हती, तरी नाणेफेकीला तो नवरदेवाच्या तोऱ्यात जायचा.

१९७१ साली लांजी पहिल्यांदा बालाघाटच्या फायनलमध्ये पोचली. समोर बैहरचा संघ होता. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. टिकारामने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू थेट मैदानाबाहेरच्या हलवायाच्या पाकात जाऊन पडला!

मैदानाच्या कडेला बसलेल्या त्याच्या बायकोने, जिजाबाईने, घाबरून विचारलं, "आपन जितलो का हरलो?"

"जितलो वं, जितलो!" म्हणत त्याने तिला उचलूनच घेतलं. ती लाजेने लाल झाली, पण खाली उतरेना.

संघ, कप आणि प्रवासी घेऊन हॉर्न वाजवत बस निघाली. वाटेत एक म्हातारा ओरडला, "अरे, माहं किरनापूर मागं गेलं ना!"

"काहून चिंता करता बाबा? आज लांजीले जेवा, उद्या मीच सोडतो."

"हौ, मंग चाल!" म्हातारा कप डोक्यावर घेऊन नाचू लागला.

पुढे टिकाराम पुन्हा कधीच जिंकला नाही, पण कप्तान बदलायची गोष्ट लांजीत कोणी काढली नाही.