पेटीचे तुटलेले दात

अर्धांगवायूच्या झटक्यात आईचं बोलणं गेलं आणि पुढच्या महिन्याभरात तिने खायला तोंड उघडणंही सोडलं. चमचा ओठांना लावला की ती दात घट्ट मिटून घ्यायची. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात रोज तोच झगडा. मी विनवायची, मग चिडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एकदा सहज कपाटातली वाजणारी पेटी लावली. बाबांनी तिला लग्नानंतर दिलेली, तळहाताएवढी, चावीची. सूर सुरू झाले आणि आईचे ओठ सुटले. वाटीभर पेज पोटात गेली. तेव्हापासून पेटी वाजेल तोवरच ती जेवायची.

म्हणून पेटी अडखळू लागली तेव्हा माझा धीर सुटला. "जाणकाराला दाखवू," नवरा म्हणाला. मी ऐकलं नाही. मोबाईलवर वाचून स्वतःच तेल द्यायला बसले. वाचलं ते असं: दोनेकशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या घड्याळजींनी घंटांच्या जागी पोलादाची फणी आणली. पितळी रूळ फिरतो, त्यावरच्या बारीक पिना फणीचे दात उचलून सोडतात. लांब दाताचा सूर खालचा, आखूड दाताचा वरचा. रूळ सुसाट सुटू नये म्हणून एक इवलासा पंखा त्याला आवरून धरतो. सगळं वाचलं, पंख्याला हात लावण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरवायची असते, तेवढंच राहिलं. मी पंख्याचा स्क्रू सैल केला, पंखा निसटला. रूळ किंचाळत सुटला. तीन दात तुटून टेबलावर पडले.

नाशिकच्या घड्याळजींनी हात वर केले. दोन दिवस मी ओल्या बोळ्याने आईचे ओठ भिजवत होते. कुणीतरी मालेगावच्या एका चाचांचं नाव सुचवलं, लूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. आईजवळ नवऱ्याला बसवून मी एसटी पकडली.

चाचांनी पेटी उघडली आणि हसले. "अरे, ये तो छोटी डॉबी है!" खडखडणाऱ्या लूमवरची डॉबी त्यांनी मला दाखवली, जिथे तिची खुंटी असते तिथेच धागा उचलला जातो. "पंखा बसवतो, बेटी. पण दात मेरे से नहीं होंगे. झाळून जोडले तर सूर जाईल."

मी हात जोडले. "चाचा, आई जेवत नाही हो. कसंही करा."

त्यांनी पान्हा खाली ठेवला. "अम्मी के लिए मैं ना बोलूंगा क्या? जमतच नाही."

पंखा बसवलेली पेटी घेऊन घरी आले. चावी दिली. चालीत तीन सूर गायब, तिथे नुसती खटखट. आई हलली नाही. पुन्हा चावी दिली. तिसऱ्या वेळी पहिला सूर गळाला आणि आईच्या घशातून "हं" असा आवाज आला. पुढच्या गळालेल्या सुरालाही. झटक्यानंतर ऐकलेला तिचा पहिला आवाज!

"आई, परत म्हण! परत म्हण ना!" मी तिचा चेहरा धरून ओरडत होते. चमचा आठवला तेव्हा पेटी थांबली होती आणि ओठ मिटले होते. रात्रभर चावी देत राहिले, ते पुन्हा सुटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. ती तिने दोनदा उपसली. मग तिचा चांगला हात पलंगाला बांधावा लागला. नवरा पुढे होईना, म्हणून तिच्याच जुन्या साडीची पट्टी फाडून मीच बांधला. बांधताना ती माझ्याकडे बघत होती.