आत्याच्या दारात बंद पडणारी जीप

आधीच सांगतो, मी घाबरलेलो नाही. मी चिडलेलो आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना मी तोंडावर बोलतो. धुळ्यात आयटीआयच्या पोरांना डिझेल मेकॅनिकचं काम शिकवतो मी... इंजिन बंद पडलं तर एक तर डिझेल पोचत नाही, नाहीतर लाइनमध्ये हवा शिरलीय, नाहीतर कॉम्प्रेशन गेलंय. त्यापुढे कारण नसतं, असं मीच फळ्यावर लिहितो. आणि नेमकं माझ्याच बाबतीत हे व्हावं!

जीप माझ्या वडिलांची, आबांची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. आबा दरवर्षी धुळ्याहून नशिराबादला आत्याला आणायला जायचे. पण लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला आत्याचे यजमान काहीतरी टोचून बोलले— "जीप दाखवायला आला का?" असंच काहीसं— आणि आबांनी मनात धरलं. त्यानंतर ते त्या घरात कधीच गेले नाहीत. फाटकासमोर जीप उभी, इंजिन चालू, एक हॉर्न. आत्या पिशवी घेऊन यायची, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. आबा तांब्याकडे बघायचेही नाहीत. यजमान वारले, तरीही आबा उतरले नाहीत. काय म्हणावं या हट्टाला?

गेल्या वर्षी आबा गेले. आखाजी जवळ आली तसा मी फोन केला, तर आत्या म्हणाली, "भाऊ गया, मनं माहेर बी गयं. कोनी येऊ नका." आईने जेवण टाकलं. आता आत्या आली नाही तर ते दार कायमचं बंद होईल, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. म्हणून मी तीच जीप काढली.

सकाळी निघालो. पारोळ्याला रस्त्याच्या कामापाशी अर्धा तास खोळंबलो, इंजिन चालूच होतं. तक्रार नाही. जळगाव ओलांडलं, नशिराबादला आत्याच्या फाटकासमोर थांबलो. घरची सवयच म्हणा, इंजिन चालू ठेवूनच हॉर्न दिला. रेसवरचा पाय काढला आणि... बंद.

सेल्फ मारला, चालू झाली. पाय काढला, बंद. पाय दाबून धरला की मस्त पळतंय इंजिन, स्लोवर आलं की मान टाकतं. बॉनेट उघडलं. फिल्टर स्वच्छ. हातपंप मारून लाइनमधली हवा काढायला गेलो, एक बुडबुडा निघेना. स्लोचा स्क्रू फिरवून बघितला, फरक शून्य. घामाने शर्ट चिकटलेला, आणि आत्या ओट्यावर हाताची घडी घालून बघतेय!

"तुना बाप बी असाच उभा राहे," ती म्हणाली. "मी येत नही."

मी तशीच रेस देत जीप हायवेच्या टपरीपर्यंत नेली. पाय काढला... चालू! चहा पिऊन झाला तरी टकटक टकटक, एका लयीत. परत फाटकाशी आणली. बंद. अहो, असं कुठे असतं का? गावातला एक मेकॅनिक बोलावला. त्याने दोनदा बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मशीनमध्ये दोष नाही. लिंबू उतरवून टाका." त्याला मी असा झापला की तो पाना विसरून गेला.

मग आत्या घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. मला तहान लागली होती, मी हात पुढे केला. ती माझ्यासमोरून सरळ पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटपाशी उभी राहिली.

"पडनी ना गाडी बंद?" ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "आते तरी उतर, भाऊ. घरमा ये."

एवढं बोलून ती वळली आणि पाहुणा मागून येतोच आहे अशी आत चालू लागली. मी हात पुसले आणि तिच्यामागे गेलो. आत तिने दोन पाट मांडले. एकावर मी बसलो. दुसऱ्यासमोरही तिने ताट वाढलं, तांब्या ठेवला आणि शेजारी बसून बराच वेळ पदराने वारा घालत राहिली.

मग ती पिशवी घेऊन आपणहून जीपमध्ये बसली. मी सेल्फ मारला आणि पाय काढला. जीप चालूच राहिली. आत्या म्हणाली, "थांब जरासं," आणि डोळे मिटून ऐकत बसली. वाटेत मी विचारलं, भीती नाही वाटली का? तर म्हणे, "मना भाऊ शे तो. त्यानं काय भेव?"

धुळ्याला आल्यावर वर्कशॉपमध्ये मी फीड पंप खोलला, नोझल तपासले, पोरांनाही कामाला लावलं. दोष सापडला नाही. त्यानंतर जीप एकदाही बंद पडलेली नाही. कारण विचाराल तर माझ्याकडे आजही नाही, आणि कुणी "योगायोग" म्हणालं तर मी भांडायला तयार आहे, कारण तेही माझं तपासून झालंय.

पण खरा राग इंजिनावर नाही, आबांवर आहे. ती बाई इतकी वर्षं तांब्या घेऊन उन्हात उभी राहिली. आबा, रेसवरचा पाय काढायला मरायची काय गरज होती?