पाकिटाचं दुसरं टोक

औषधाचं खाकी पाकीट ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, पण सोडायचे नाहीत. एक टोक गिऱ्हाइकाच्या बोटांत, दुसरं त्यांच्या. गिऱ्हाईक ओढायचं, ते धरून ठेवायचे आणि चष्म्याच्या वरून बघत कानडीत म्हणायचे, "हेळी होग्री." समोर मराठी माणूस असला तर, "सांगून जावा." म्हणजे कुठली गोळी कधी आणि कशी घेणार ते स्वतःच्या तोंडाने सांगा, मग पाकीट घेऊन खुशाल जा.

हुबळीच्या देशपांडे नगरात तुम्ही कधी औषध घेतलं असेल, तर ही ओढाताण तुमच्याही वाट्याला आली असेल. चिडलाही असाल. मागे रांग, घरी तापलेलं मूल, आणि हा गृहस्थ शाळामास्तरासारखा उजळणी घेतोय. पण सांगितल्याशिवाय पाकीट सुटायचं नाही. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. मीही अण्णाच म्हणायचो.

त्या काउंटरच्या आत शिरण्याआधी मी बरीच वर्षं बाहेर उभा असायचो. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होतो. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात पाठ केलेलं इंग्रजी. आमच्या कंपनीचं खोकल्याचं औषध किती गुणी आहे हे मी अण्णांना सांगायचो आणि ते ऐकता ऐकता खोकायचे. मुद्दाम खोकायचे की खरंच, हे मला अजून कळलेलं नाही.

मग कंपनीने एकाच दिवशी दोन गोष्टी बंद केल्या, ते खोकल्याचं औषध आणि मी. औषधाचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. माझं आमच्या आईला वाटलं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "फार्मसीचं सर्टिफिकेट हाय नव्हं तुझ्याकडं?"

सर्टिफिकेट होतं. आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या संगतीत.

"मग उद्यापासून ये. टाय काढून ये," ते म्हणाले.

टाय गेला, पण पांढरा कोट मिळाला. कोट घातल्यावर मी आरशात जरा जास्तच वेळ बघितलं. गल्लीतली एक-दोन माणसं मला डॉक्टर म्हणू लागली आणि मी ती दुरुस्ती करायचं पद्धतशीरपणे विसरत गेलो. आता लोक नाडी दाखवायला येणार, अशा तयारीत मी पहिल्या दिवशी उभा होतो. अण्णांनी माझ्या हातात फडकं दिलं.

औषधवाला दिवसभर काय करतो, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, धूळ पुसतो आणि तारखा बघतो. आधी संपणारा माल पुढे, नंतरचा मागे. मुदत गेलेल्या गोळ्या वेगळ्या खोक्यात, हातसुद्धा लागणार नाही अशा. पट्टी कापताना तारखेची बाजू दुकानात ठेवायची, कारण उरलेल्या गोळ्यांचं वय आपल्याला कळलं पाहिजे. दोन औषधांची खोकी दिसायला एकसारखी असली, तर त्यांची कपाटं दुकानाच्या दोन टोकांना. "जुळी भावंडं एका वर्गात बसवू नयेत, मास्तर फसतो," असं ते म्हणायचे.

फ्रिज तर देवघर होतं. त्यात इन्सुलिन आणि लसी. लाईट गेली की अण्णा फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभे राहायचे, कुणी उघडू नये म्हणून. मी एकदा माझी ताकाची बाटली आत ठेवली होती. दुपारी ती माझ्या खुर्चीवर बसलेली सापडली.

"इन्सुलिनला ताकाचा वास चालत नाही होय अण्णा?" मी विचारलं.

"इन्सुलिनला चालतंय. तू दर घटकेला दार उघडतोस ते चालत नाही."

वरच्या मजल्यावर एक डॉक्टर बसायचे. कधी घाईत चिठ्ठीवर लहान मुलाला मोठ्या माणसाचा डोस पडायचा. अण्णा चिठ्ठी हातात घेऊन फोन लावायचे आणि अगदी गरीब आवाजात म्हणायचे, "डॉक्टर, मला जरा अक्षर लागेना. किती लिहिलंय म्हणता?" पलीकडून डॉक्टर स्वतःच आकडा दुरुस्त करून सांगायचे. अण्णा "बरं बरं" म्हणून फोन ठेवायचे. अक्षर त्यांना चांगलं लागलेलं असायचं. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चष्म्याचा नंबर बदलायला कंटाळतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मला पुन्हा फडकं दिलं.

मला खरी दहशत वाटायची ती चित्रकलेची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अण्णा पाकिटावर चित्रं काढायचे. उगवता सूर्य म्हणजे सकाळ, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपार, चंद्रकोर म्हणजे रात्र. त्यांची कोर अशी सुबक, की कुणी कपाळावर लावावी. माझी कोर बघून अमरगोळच्या मार्केट यार्डातून आलेल्या एका आजीने विचारलं, "ही गोळी केळ्याबरोबर खायची काय रे बाळा?"

अण्णा इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून दुकानात रात्रीच्या गोळीला केळं म्हणायला लागले. "ह्यांना सकाळी एक, केळ्याला एक," असं माझ्यावर ओरडून सांगायचे. माझ्या डिप्लोम्याची ही एवढीच खूण त्या दुकानात उमटली.

"सांगून जावा" मात्र मला पोरखेळ वाटायचा. एवढा वेळ घालवला तर माणसं समोरच्या दुकानात जातील, आणि जातही होती. मग एकदा यार्डातला एक हमाल दम्याच्या कॅप्सूल घ्यायला आला. या कॅप्सूल छोट्या यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायच्या असतात. मी नीट समजावलं होतं, यंत्र फिरवूनही दाखवलं होतं. आपण छान समजावलं म्हणून मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली होती. अण्णांनी पाकिटाचं टोक धरलं. "सांगून जावा."

हमाल म्हणाला, "सकाळी एक, पाण्यासंगट गिळायची. आणि ते यंत्र वास घ्यायला."

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्यासाठी स्टूल बाहेर काढलं, आणि तो बरोबर सांगेपर्यंत, करून दाखवेपर्यंत रांग तिष्ठत राहिली.

त्यानंतर मला नवख्या भक्तासारखा जोर चढला. प्रत्येकाचं पाकीट धरायचो. एकाने नुसता कापूस घेतला होता, त्यालाही मी सवयीने विचारलं, "कसं घेणार, सांगून जावा."

"कानात घालणार, म्हणजे तुमचं ऐकू येणार नाही," तो म्हणाला आणि माझ्या हातातून कापूस हिसकून गेला.

असं हे आमचं चाललं होतं. अण्णा पाकीट आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतात, कधी एकाच माणसाला दोनदा सांगायला लावतात, हे मला दिसत होतं. वय झालं की माणूस हट्टी होतो, असं मी त्याचं निदान केलं. कोट घातला होता ना मी.

अळणावरकडची एक बाई दर महिन्याला आईची औषधं न्यायला यायची. म्हातारीचे सांधे धरले होते. तिच्या औषधांत एक गोळी अशी होती, की ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. तीच रोज घेतली तर माणूस दगावतो. त्या गोळीसाठी अण्णांनी स्वतःचा नियम केला होता. तिच्या पाकिटावर सूर्य नाही, चंद्र नाही. नुसता वार लिहायचा आणि त्याच्याभोवती लाल गोल काढायचा. पाकीट वेगळं दिसलं की हात थबकतो, म्हणायचे.

त्या दिवशी अण्णांनी पाकीट दिलं, टोक धरलं. "सांगून जावा, अक्का."

बाई म्हणाली, "ही आईची रविवारची. आठवड्याला एकच." मग पाकिटाकडे बघून हसत म्हणाली, "पण अण्णा, आज ह्याच्यावर सूर्य बी काढलाय आणि चंद्र बी काढलाय की."

मी वळून बघितलं. सुबक सूर्य, सुबक कोर. सकाळी एक, रात्री एक. रोज.

अण्णांनी पाकीट हळूच आपल्याकडे ओढलं. फाडलं. नवं घेतलं, वार लिहिला, लाल गोल काढला. मग ते पाकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बघ रे, बरोबर हाय काय?" त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी मान हलवली. बाईला पाकीट मिळालं, ती "येतो अण्णा" म्हणून गेली. तिला काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं.

अण्णा स्टुलावर बसले. मला काहीतरी हलकंफुलकं बोलायचं होतं. डॉक्टरांवरची त्यांचीच युक्ती मी त्यांच्यावर चालवायला गेलो. म्हणालो, "अण्णा, चित्रांचं काय एवढं, मला तर तुमची चित्रं कधी नीट लागतच नाहीत."

"लागत्यात तुला," ते म्हणाले. "मलाच लागेना झालंय. काढलेलं आठवत नाही मला. तिचं तिला पाठ होतं म्हणून आज वाचलो. उद्या नवा माणूस येईल. मी जे चुकीचं काढीन तेच तो पाकिटावर बघून मला सांगेल, आणि मी बरोबर म्हणून सोडून देईन."

मी म्हटलं, "मीही चुकतो की अण्णा. रोज चुकतो."

"तू चुकतोस ते तुला समजतंय. मला माझं समजलं नाही."

त्यांनी कोट काढला आणि खिळ्याला अडकवला. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्या स्टुलावर मनातल्या मनात अनेकदा बसून बघितलं होतं. आता स्टूल रिकामं झालं, तर मी खिळ्यावरचा कोट काढून पुन्हा त्यांच्यापुढे धरला. मी अक्षरशः गयावया केली. नुसते बसून राहा म्हटलं, काही देऊ नका, फक्त बसा. ते काउंटरच्या बाहेर गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. त्यानंतर एकाही औषधाला त्यांनी हात लावला नाही. लाईट गेली की मात्र उठायचे, आणि मी फ्रिजला पाठ लावून उभा राहिलो की परत बसायचे.

पुढे त्यांची स्वतःची चिठ्ठी आली. विसराळूपणाच्या मोठ्या डॉक्टरची. सकाळी एक, रात्री एक. त्यांची बेळगावची मुलगी बरोबर होती. मी गोळ्या काढल्या, पाकिटावर सूर्य काढला, केळं काढलं. केळं नेहमीपेक्षाही वाईट आलं. पाकीट पुढे केलं आणि सवयीने सोडलं नाही.

एक टोक त्यांच्या बोटांत, दुसरं माझ्या.

"विचार की," ते म्हणाले.

"सांगून जावा, अण्णा."

"सकाळी एक," ते म्हणाले. मग थांबले. मुलगी काहीतरी सांगायला पुढे झाली, त्यांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. बराच वेळ ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर कुठून तरी हसू आलं.

"आणि केळ्याला एक."

मी पाकीट सोडलं. त्या दिवशी पुढची दोन-तीन गिऱ्हाइकं मला नीट दिसलीच नाहीत, म्हणून दार ओढून घेतलं आणि तोंड धुऊन आलो.

आता ते मुलीकडे बेळगावला असतात. तिथेही गल्लोगल्ली औषधांची दुकानं आहेत, पण तिथल्या पाकिटातली गोळी ते घेईनात. त्यामुळे दर महिन्याला मी त्यांची औषधं बसने पाठवतो. चंद्रकोर मला आता बरी जमते. गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत. बेळगावच्या पाकिटावर मात्र मी केळंच काढतो.

परवा मुलीचा फोन आला होता. म्हणाली, बाबा आता बोलत नाहीत. मला ओळखतात की नाही, तेही सांगता येत नाही. मी औषध द्यायला गेले की पाकिटाचं एक टोक धरतात आणि काही केल्या सोडत नाहीत.

"मग काय करता?" मी विचारलं.

"मीच सांगते. सकाळी एक, केळ्याला एक. नीट ऐकून घेतात. मग सोडतात."