वहिनीचा गुलाब आणि पोफळींची फवारणी

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी पूजेची फुलं काढायच्या वेळी, आमच्याच अंगणात.

तिचा लाल गुलाब पडवीच्या कडेला होता. काडी तिने मालगुंडहून, माहेरून आणलेली. गावठी गुलाबाच्या खोडावर डोळा तिने स्वतः भरला, जांभा फोडून खड्डा केला, माती वाहून आणली. त्या सोमवारी आई परडी घेऊन गेली, तर पानांवर काळे गोल ठिपके आणि निम्मी पानं पिवळी होऊन खाली. आईने एक पान हातात घेऊन पाहिलं नाही. वहिनीला म्हणाली, "बाहेरची असताना शिवलीस ना गो त्याला?" मग हुकूम सुटला. वहिनीने झाडाकडे फिरकायचं नाही, आणि गणपतीच्या आत ते उपटून टाकायचं.

वहिनी गप्प राहिली. माझ्या पिशवीत विटाळाविरुद्धची पत्रकं होती, बाजारात वाटायला निघालेली. मीही गप्प राहिले. हे लिहायलाच हवं, कारण दुसऱ्यांच्या आयांना जाब विचारणं सोपं असतं.

चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली, तसे काका पोफळींच्या फवारणीला लागले. पिंपात मोरचूद आणि चुना कालवत होते. कशासाठी, म्हणून मी विचारलं. कोळेरोगासाठी, ओल्यात बुरशी धरते नि सुपारी गळते, कॉलेजात काय नुसत्या घोषणा शिकवतात का, असं त्यांनी ऐकवलं. झाडावर चढणारा गडी हसला.

"मग काका, पोफळींना कोण बाहेरची शिवली?"

गडी हसायचा थांबला. पडवीत तांदूळ निवडणाऱ्या आईने मान वर केली नाही. "फार शहाणी झालीस," काका म्हणाले. पण उरलेलं मिश्रण दरवेळी ओतून देत, ते त्या दिवशी बादलीत तसंच ठेवून गेले.

आता वहिनी उठली. झाड पागोळ्यांखाली होतं, पानं दिवसभर भिजत होती. ती जागा आईनेच दाखवलेली, देवघराला जवळ म्हणून. आम्ही पोफळीचं चिरलेलं खोड वळचणीला पन्हळीसारखं बांधून पाणी दूर काढलं. गळलेली पानं वेचून न्हाणीच्या चुलीत घातली. काळ्या पडलेल्या फांद्या हिरव्या लाकडापर्यंत छाटल्या. कोवळी पानं जळतील म्हणून वहिनीने मिश्रणात त्याच्याएवढंच पाणी घालून ते पातळ केलं आणि फवारलं.

गणपतीच्या आत तांबूस फुटवा आला. ठिपकेही अधूनमधून येत, वहिनी तेवढी पानं तोडी. झाड कुणी उपटलं नाही; पण तिच्यावरचा आळही कुणी परत घेतला नाही. म्हणून पुढच्या खेपेला, बाजूला बसायच्या पहिल्याच दिवशी, ती सगळ्यांदेखत अंगणात उतरली आणि गुलाबाची पानं एकेक करून चाचपली. "मरायचंच असेल तर आता मरू दे," म्हणाली.

दसऱ्याला तिने चाचपलेल्या फांदीवरच फूल होतं. आईने ते देवाला वाहिलं. वहिनीला काही म्हणाली नाही.

तुमच्याही अंगणात एखादं झाड कुणाच्या तरी स्पर्शाने वाळलं असेल. त्याचं पान तोडून उजेडात धरा, ठिपके बघा. मग जिला दोष दिलात तिच्यासमोर जा आणि माफी मागा. आजच, घरातल्या सगळ्यांदेखत.