हाताची घडी मोठ्यांनी

किस्से रोजच घडतात, साठायला लागतात ते सांगायला माणूस उरलं नाही की. आमच्या करी रोडच्या बालवाडीत आम्ही दोघीच. मुलं वसुधाबाईंना बाई म्हणतात, मला ताई. मुलं सुटली की आम्ही चहा घ्यायचो आणि दिवसभराचे किस्से तिथल्या तिथे संपवून टाकायचो. दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या आणि माझा चहा एकटीचा झाला. आज तुम्ही सापडलाच आहात, तर ऐका.

*

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एक मुलगा रेनकोट घालत होता आणि त्याचा हात बाहीऐवजी सारखा टोपीतून बाहेर येत होता. पाच मिनिटं बघितलं, मग मला राहवेना. मी पुढे सरसावले. मागून बाईंचा आवाज आला, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

बिचाऱ्या मुलांनी काय केलं, म्हणून मी वळून पाहिलं. मुलं आपापली खेळत होती. बाई माझ्याकडे बघत होत्या.

सगळीकडे हा हुकूम मुलांना असतो, आमच्याकडे तो मोठ्यांना. काय खेळायचं, कसं खेळायचं ते मूल ठरवणार, आपण बघायचं. दुसरा नियम राज्याचा. ज्याने खेळ हातात घेतला त्याच्यावर राज्य. तो "झालं माझं" म्हणेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही. लपंडावात राज्य कोणालाच नको असतं, आमच्याकडे मात्र त्यासाठी मारामारी!

*

इराचे बाबा समोरच्या टॉवरमध्ये राहतात. रोज घ्यायला आले की विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि इरा रोज प्रामाणिकपणे सांगायची, "काही नाही."

शेवटी ते तक्रार घेऊनच आले. बाईंनी वाद घातला नाही. त्यांना छोट्या पाटावर बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि तासभर नुसतं बघायला सांगितलं. इरा नरसाळ्याने बाटलीत पाणी भरत होती. बाटली कलंडायची, ही परत उभी करायची. तिसऱ्यांदा पाणी सांडलं तसे बाबा बाटली धरायला उठले. इराने मानही वर केली नाही.

"बाबा, तुमच्यावर राज्य नाहीये."

ते बसले. तास संपला तरी बसूनच होते.

*

बाई विकतची खेळणी फार आणत नसत. डबे, झाकणं, दोऱ्या, गोणपाटं असलं सगळं मुलांच्या हाताशी येईल असं खालच्या फळीवर मांडून ठेवत. रेवाची आजी कोळीण, लालबागला मासळी विकते. रेवाने एक दिवस गोणपाट ओलं केलं, दारातल्या सगळ्या चपला त्यावर ओळीने लावल्या आणि वर पाणी शिंपडत बसली. नेमक्या त्या दिवशी तपासणीच्या मॅडम आल्या होत्या. निघताना त्या स्वतःची चप्पल उचलायला वाकल्या, तर रेवाने त्यांचा हात धरला.

"ती नका घेऊ. ती शिळी आहे."

बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. तोंडावरचं बोट त्या दिवशी हसू दाबायच्या कामी आलं.

*

हसणं तिथपर्यंत. दिवाळीनंतर बाईंना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. मी दर रविवारी फणसवाडीला त्यांच्या घरी जायचे ती किस्से सांगायलाच. पण त्या खिडकीकडे बघत बसायच्या आणि माझ्याच्याने सांगवायचं नाही. एकदाच म्हणाल्या, "माझं झालं आता. हा असा हात घेऊन मुलांत काय येऊ?"

बालवाडीत मी त्यांच्या पाटावर कोणाला बसू देत नव्हते. फार आठवण यायची हो त्यांची. आणि एकटीला हे सगळं पेलेल का, अशी भीतीही वाटायची. त्या भीतीपोटी एक दिवस मी मुलांना ओळीत बसवलं आणि गाणी घोकून घेतली. अर्ध्या तासाने इराने विचारलं, "ताई, शाळा संपली? मग बालवाडी कधी सुरू होणार?"

मी गुपचूप गोणपाट काढून दिलं.

*

गेल्या महिन्यात बाई आल्या. नुसतं भेटायला म्हणून लेक त्यांना टॅक्सीने घेऊन आली होती. उजवा हात पदराखाली. पाटावर बसल्या, मुलं बघत राहिली. बाईंनी डाव्या हाताने फळीवरची चिंचोक्यांची बरणी ओढली, गुडघ्यांत धरली आणि झाकण फिरवायला लागल्या. झाकण हलेना. हात घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मला बघवेना, मी उठलेच. रेवा मध्ये आली.

"ताई, हाताची घडी."

मी घडी घातली. रेवाने घातली, इराने घातली, मग एकेक करत सगळ्या मुलांनी. तोंडावर बोट. किती वेळ गेला कोण जाणे. झाकण निघालं, त्याबरोबर बरणीही निसटली आणि चिंचोके खोलीभर पसरले. तरी कोणी जागचं हललं नाही.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "झालं गं माझं."

रेवाने तोंडावरचं बोट काढलं आणि खोलीभर नजर फिरवली.

"कुठे झालं? एवढे चिंचोके पडलेत. अजून तुमच्यावरच राज्य आहे."