सहा ढिगांचा आकडा

अंगात येणं, कौल लावणं, मेलेलं माणूस दिसणं यातलं मी काहीही मानत नाही. कॉलेजपासून याच्याविरुद्ध पत्रकं लिहिते, भोरच्या स्टँडवर उभी राहून वाटते, शिव्याही खाल्ल्यात. याच सदरातल्या एका अनुभवाखाली 'यांना आधी डॉक्टरकडे न्या' असं मी स्वतः लिहिलं होतं. शोधून काढा आणि हसा... वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, भोर आणि वेल्ह्याच्या हद्दीवर आमच्या बौद्ध समाजाची बारा-तेरा घरांची वस्ती आहे. नाव देत नाही, केस चालू आहे. मी राहते भोरमध्ये, पण माझ्या आईचं माहेर ते. वस्तीतून स्मशानात जायला पिढ्यानपिढ्यांची पायवाट. दोन वर्षांपूर्वी मधली जमीन एका बाहेरच्या माणसाने फार्महाऊससाठी घेतली आणि वाटेवर तारेचं कुंपण ठोकलं. म्हणे वाट हल्लीच पडलीय, कागदावर नाही. कागदावर कशी असेल? कागद लिहिणारे त्या वाटेने कधी कुणाला खांद्यावर घेऊन गेले होते का? ...असो. पत्रकाची सवय जात नाही.

वाट जुनी आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं एकच माणूस उरलं होतं, सोनाआजी. वय ऐंशीच्या पुढे. सप्टेंबरात, भात पोटरीत आलेलं, कणसं अजून बाहेर यायची असताना मी तिचा व्हिडिओ केला. अकरा मिनिटांचा. तारेच्या कडेकडेने काठी टेकत ती चालतेय आणि तारेतून काठी घालून दाखवतेय: हा दगड, ही करवंदीची जाळी, हितं माजं पहिलं लेकरू, म्याच नेलं हातावं. आमच्या केसमध्ये एवढाच एक भक्कम पुरावा.

मोबाईल मी पत्रकं लिहिते त्या संघटनेचा, फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवलेला. आमच्या शिबिरात शिकवलं होतं की बोटाचा ठसा बंद ठेवा, कुणीही तुमचं बोट धरून लावू शकतं. जन्मतारीख नको, ओळखीचा आकडा नको, कुठे लिहायचा नाही. दहा वेळा चुकलं की आतलं सगळं पुसलं जाईल असं सेटिंग करा. मी आज्ञाधारक. सोनाआजीच्याच अंगणात बसून मनाला येतील ते सहा आकडे टाकले, मोबाईल बंद केला. तिकडे रेंज नाही, म्हणून कॉपी भोरला गेल्यावर करू म्हटलं. भोरला पोचले ती तापानेच. पंधरा दिवस अंथरुणात. 'पुरावा दोन ठिकाणी ठेवा' हे वाक्य आमच्या पत्रकात आहे, मीच लिहिलेलं.

तीन आठवड्यांनी सोनाआजी गेली. तिला स्मशानात नेलं ते ओढ्यातून, गुडघाभर पाण्यातून. तारेमुळे.

नोव्हेंबरात सुनावणीची नोटीस आली. कपाटातून मोबाईल काढला, चालू केला, आणि आकडा आठवेना. एकही आकडा नाही. जणू तो मी टाकलाच नव्हता. तीन दिवसांत नऊ वेळा प्रयत्न केला. मग स्क्रीनवर आलं: आणखी एक चूक झाली तर सगळं जाईल.

स्टँडसमोरच्या मोबाईलवाल्याकडे गेले.

"ताई, उघडून देतो. पण आत काय राहणार नाही."

"मग उघडून काय करू?"

"नवी गाणी भरा की."

त्याला हसू आलं, मला रडू. कुणालाच सांगितलं नाही. घरी नाही, संघटनेत नाही, वस्तीत तर नाहीच. कोणत्या तोंडाने सांगणार?

सुनावणीच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी वस्तीवर गेले. सोनाआजीची जाऊ, भागाआजी, हिचा तरी जबाब लिहून घेऊ म्हणून. ती या घरात बरीच उशिरा आली, वाटेचं जुनं तिला फारसं माहीत नाही. पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं.

भागाआजी अंगणात ताडपत्रीवर बसली होती. सोनाआजीच्या वाट्याचं भात झोडून झालं होतं, ते ती पत्र्याच्या पायलीने मापत होती. "लाभ... दोन... तीन... चार." थांबली. तो ढीग बाजूला. दुसरा सुरू. "लाभ... दोन..."

मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही इकडची रीत. एका पत्रकात मी तिची टिंगलही केली होती.

"बस," ती म्हणाली. "वाईच दम खा. तुजंच काम चाललंय."

"माझं कसलं काम, आजी? मी जबाब घ्यायला आलेय."

"जबाब ऱ्हाऊ दे. आधी हे बघ." ती मापत राहिली. सहा ढीग झाले, ओळीने. मग दाराकडून बोट दाखवत गेली. "ह्यो बियाण्याचा. ह्यो थोरल्या लेकीचा, ह्यो धाकटीचा. ह्यो विहाराचा. ह्यो माजा. आन ह्यो ज्यांनी तिला ओढ्यातनं न्हेली त्यांच्या जेवणाचा. सोनीनं सांगितलंय तसं मापलं. म्हणली, ढीग ओळीनं मांड आन पोरीला दाव. ती कुटंतरी अडलीय."

"कधी म्हणाली?"

"काल. झोडणी उरकली तवा. हितंच उंबऱ्यावं बसली हुती."

"आजी, सोनाआजीला जाऊन दीड महिना झाला."

"मला ठावं न्हाई व्हय? म्याच घातली तिला आंघूळ." पायली उपडी ठेवून तिने हात झटकले. "तुमी शिकलेली माणसं लई इचारता. मोज की."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उठून भाषण ठोकलं असतं. तिथे मी नुसती बसून राहिले. पाय दुखत होते. सोमवारी काय सांगायचं ते सुचत नव्हतं. प्रत्येक ढिगात किती पायल्या ते तिलाच विचारलं. चार. सात. सात. लाभ. तीन. नऊ.

पिशवीतून मोबाईल काढला. विश्वास बसला म्हणून नाही हो. खरंच नाही. थकले होते. पुसलं जायचं तर एकदाचं जाऊ दे, रोज त्या स्क्रीनकडे बघत बसणं संपेल, असं वाटलं. चार, सात, सात, एक, तीन, नऊ.

उघडला.

भागाआजीने वाकून बघितलं. स्क्रीनवर सोनाआजी, हातात काठी. "ही बघ," ती म्हणाली, शेजारीण दारात आल्यासारखी. "लुगडं माजं नेसलीय. इचारलं बी न्हाई मला."

मी खूप डोकं चालवलं आहे. तिच्या अंगणात आकडा टाकताना तिने काही मोजलं असेल आणि ते माझ्या कानावर पडलं असेल? पण तेव्हा भात शेतात उभं होतं, मापायला काही नव्हतं. मी आकडा पुटपुटले असेन आणि सोनाआजीने ऐकून जावेला सांगितला असेल? मग मी अडेन हे तिला कसं ठाऊक? आणि व्हिडिओच्या दिवशी भागाआजी तर लेकीकडे शिवऱ्याला होती. योगायोग म्हणावा तर सहा आकडे, तेही ओळीने. कुणाला सरळ उत्तर सुचलं तर लिहा. टिंगल केली तरी चालेल, मी करायचे तशी.

मोबाईल उघडला त्याच दिवशी व्हिडिओच्या चार कॉपी केल्या. सोमवारी तो दाखल झाला. समोरच्या वकिलाने विचारलं, "बाई, व्हिडिओ सप्टेंबरातला. इतके दिवस कुठे होता?"

"मोबाईल लॉक होता. आकडा विसरले होते."

"मग आता उघडला कसा?"

मी आजवर सगळ्यांकडे लेखी उत्तर मागत आलेय. सगळे माझ्याकडे बघत होते. वस्तीतली माणसं मागे उभी, त्यात भागाआजी. खरं सांगितलं असतं तर पुढच्या मिनिटाला सोनाआजीचा जबाब म्हाताऱ्या बायांचा भुताटकीचा खेळ झाला असता, आणि वाट गेली असती.

"आठवला," मी म्हटलं.

तसं लिहून घेतलं गेलं. खाली माझी सही आहे. पुढची तारीख पडलीय, तार अजून तशीच आहे. या सगळ्या भांडणात मी खोटं असं एवढंच बोलले.